आक्षेप क्रमांक चार

महोदय,
आपल्या लेखापरीक्षण पथकानं
आमच्या शाळेच्या किर्दीत, पान एक्केचाळीसवर
लाल शाईनं विचारलंय:
बिलात नळ बारा, भिंतीला सात. खुलासा करावा.

करते.

अनुदान आलं अठ्ठावीस मार्चला, भर दुपारी,
तिसरीचा भागाकार चालू असताना.
वर्षभर वाट पाहिलेले पंचवीस हजार
वाटेत कुठंतरी अर्धे होऊन
बारा हजार पाचशे.
सोबत पत्र: एकतीसच्या आत खर्च करा,
न केल्यास रक्कम परत.
एकोणतीसला रविवार. तीसला सर्व्हर बंद.

पत्रात शीर्षं होती.
स्वच्छता. रंगरंगोटी. अग्निशमन.
विजेला शीर्ष नव्हतं.
वीजही नव्हती म्हणा, नोव्हेंबरपासून.
खांबावरून कापलेली वायर
शिपायानं वळकटी करून
नकाशांच्या कपाटावर ठेवलीय.

आता हे आपणांस ठाऊक असेलच, आपणही सोलापूरचेच,
पाणी येतं पाचव्या दिवशी
आणि येतं ते खालच्या हौदापर्यंत.
वरच्या टाकीत चढवायला मोटार लागते.
मोटारीला वीज लागते.
बारा नळ बसवले असते
तर बारा नळांतून वारा आला असता,
एप्रिलचा, घरकुलच्या माळावरचा, तापलेला.

म्हणून सात घेतले, तीनशे चाळीसचे.
उरलेल्या पाचांचे सतराशे:
थकबाकीचा पहिला हप्ता सोळाशे ऐंशी,
रिक्षा वीस.
लिहिले मात्र बारा.
अक्षर माझंच आहे, नाकारत नाही.

दुसरी सही अध्यक्षांची लागते.
श्रीमती नरसम्मा म्याकल, शाळा व्यवस्थापन समिती,
मांडीवरचं सूप शेजारणीकडे देऊन आल्या,
बोटांना अजून तंबाखूचा वास.
कारखान्यात त्यांच्या हजार विड्यांतून
शंभर छाट म्हणून बाजूला काढतात,
पैसे नऊशेचे देतात,
आणि त्या शंभरही ठेवून घेतात.
त्यामुळं आकडा दिसला
की ही बाई आधी वस्तू बघायला उठते.

उठली.
भिंतीशी गेली, एकेका नळाला हात लावत:
ओकटी, रेंडू, मूडू...
एडूला भिंत संपली.

"हे काय लिवलाव बाई? पाच कुठं गेले?"
मी म्हटलं, खांबावर चढले.
आणि सगळं सांगितलं.
"मग तसंच लिवा की."
तसं लिहिता येत नाही.
"का?"

महोदय, बावीस वर्षं नोकरी झाली,
आर्थिक व्यवस्थापनाची दोन प्रशिक्षणं झाली,
दुसऱ्यात तर जेवण चांगलं होतं.
त्या 'का'चं उत्तर
कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

(अग्निशामकाबद्दल आपण काही विचारलेलं नाही.
चार हजार नऊशे, यादीतल्याच पुरवठादाराकडून,
बिल चोख, शिक्का चोख.
दाराशी लाल उभा आहे.
आत काही आहे की नाही
मलाही माहीत नाही.)

तर, त्यांनी सही केली नाही.
नात रजिता चौथीत आहे, तिला वर्गातून बोलावलं,
बिल पालथं घातलं,
आणि मागच्या कोऱ्या बाजूला
एकेक शब्द सांगून लिहवून घेतलं:
नळ ७. लाइट १६८०. रिक्शा २०.
"रिक्शा की रिक्षा?" पोरीनं मला विचारलं.
मी म्हटलं, चालतंय.
त्याखाली त्यांनी आपलं नाव काढलं,
हळूहळू, पान फाटेल इतकं दाबून,
मग बिल सरळ केलं
आणि पुढच्या बाजूलाही.

तरी विनंती की
पान एक्केचाळीसवर डकवलेली पावती
एका कडेनं सोडवून
उलटून पाहावी.
गोंद मी मुद्दाम कमी लावला होता.

पाणी चढतंय.
सातवा नळ गळतो.
त्याच्या वायसरचे बारा रुपये
कोणत्या शीर्षाखाली घालावेत,
मार्गदर्शन व्हावे.

आपली विश्वासू,
वैजयंता हत्तुरे
प्रभारी मुख्याध्यापिका